उघड्या जीपवरची भीती
उन्हाने उबलेल्या झेंडूच्या हारांचा वास आला की मला वडूजजवळच्या आमच्या गावातली ती उघडी जीप आठवते. नवरा फौजेतून कायमचा घरी आला होता आणि रिवाजाप्रमाणे वेशीपासून त्याची मिरवणूक निघाली होती. त्याच्या शेजारी मलाही फेटा बांधून उभं केलं होतं. पुढे हलगी कडाडत होती. इतकी वर्षं तो सुट्टीवर यायचा आणि परत जायचा. शेत, सासू, लेकीची शाळा सगळं मीच पाहत होते. आता तो रोज घरात असणार होता, आणि रोजचा तो मला माहीतच नव्हता. लोकांना हात जोडता जोडता तो हळूच म्हणाला, "लय भ्या वाटतंय गं." मी म्हटलं, "आवं, बॉर्डरवर कवा भ्याला न्हाईसा, आन् आता?" "तिथं सकाळी उठून काय करायचं ते ठावं हुतं. हितं कुणाला इचारू?" "मला इचारा की," मी म्हटलं आणि जीपचा दांडा घट्ट धरला. "तू बी भ्यालीस व्हय?" त्याने विचारलं. मी खाली बघत होकारार्थी मान हलवली, तशी खालून जाऊ ओरडली, "लाजतीय बगा, नवी नवरी!" दारात सासूने ओवाळलं, तरी तो उंबऱ्याबाहेरच थांबला. "बूट कुठं काढू?" त्याने मला विचारलं. कोपऱ्यातल्या माझ्या चपला सरकवून मी जागा केली. आज लिहिताना वाटतं, मिरवणूकभर मला भीती वाटत होती ती एकटीने चालवलेल्या घरात असं सरकून जागा देण्याचीच.