साक्ष आणि अनारसे

माझे सासरे शरदचंद्र टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि सासूबाई गेल्यावर आमच्याकडे जर्मनीत, गेर्लिंगेनला राहायला आले. रस्ता रिकामा असला तरी दिवा लाल आहे तोवर ते फुटपाथवरच थांबतात. जावई आले की मात्र लगेच उठून स्वतःची खुर्ची देतात. तनयरावांबद्दल वावगा शब्द घरात कुणी काढायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात ते माझ्या नणंदेकडे, ईप्सिताकडे, न्यू जर्सीला होते. तिथे तनयरावांच्या गाडीने चौकात एका सायकलवाल्याला उडवलं. त्याचा पाय मोडला. बाबा पुढच्या सीटवर होते. तनयराव म्हणाले, दिवा हिरवा होता. सायकलवाल्याने दावा लावला आणि बाबांना फ्रँकफर्टच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये डिपॉझिशनसाठी बोलावणं आलं. म्हणजे खटला उभा राहण्याआधी, न्यायाधीश समोर नसताना घेतलेली साक्ष.

आदल्या रविवारी तनयरावांचा फोन आला. "बाबा, तुम्ही नुसतं 'आठवत नाही' म्हणा. चालतं इकडे."

"आणि ईप्सिताला विचारलं तर?"

"नवराबायकोतलं खाजगी बोलणं विचारता येत नाही. प्रिव्हिलेज असतो तो."

"सासऱ्याला?"

"सासऱ्याला काही नाही हो," तनयराव हसले. बाबा हसले नाहीत.

अधिक महिना चालू होता. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, म्हणून मी तांदूळ भिजत घातले होते. म्हटलं, "बाबा, यंदा राहू द्यायचं का? त्यांना राग आला तर?"

"साक्षीचा वाणाशी काय संबंध? तू पीठ बघ. मागच्या खेपेला अनारसे तुपात हसले होते, पार विरघळले."

फ्रँकफर्टला मी सोबत गेले. दोन्ही वकील अमेरिकेतून पडद्यावर होते, शेजारी दुभाषी बाई, आपल्याच मराठी. शपथ घ्या म्हटल्यावर बाबा म्हणाले, "देवाला मी मध्ये घालत नाही. तो ऐकतोच आहे." त्यांना देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करायला सांगितलं, खोटं बोललं तर शिक्षा तीच.

सायकलवाल्याच्या वकिलाने विचारलं, "गाडी चौकात शिरली तेव्हा दिवा लाल होता, बरोबर?"

"ऑब्जेक्शन!" तनयरावांचे वकील म्हणाले. प्रश्नातच उत्तर घातलंय, अशी त्यांची हरकत होती.

प्रश्न टळला असं बाबांना वाटलं. त्यांनी सुटल्यासारखा पाण्याचा ग्लास उचलला.

"काका, हरकत नुसती नोंदवलीय," दुभाषी बाई म्हणाल्या. "जज नंतर ठरवतील. उत्तर आत्ता द्यायचंय."

बाबांनी पाणी न पिताच ग्लास खाली ठेवला.

"लाल होता. मी त्यांना बोलण्यात गुंतवलं होतं. तेही लिहा."

 दुसऱ्या दिवशी मी अनारसे तळले, पुरुषोत्तमापुढे दिवा लावून डबा ठेवला आणि मग पार्सल केलं. पत्ता बाबांनी स्वतः लिहिला: श्री. तनयराव यांस.

खटला ज्युरीपर्यंत गेलाच नाही. विमा कंपनीने तडजोड केली. ईप्सिताचे फोन यायचे. तनयराव कधी अंघोळीला गेलेले असायचे, कधी मीटिंगमध्ये. बाबा फक्त पार्सलची चौकशी करायचे.

मग एका रविवारी बाबांच्याच फोनवर तनयरावांचा फोन आला. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"अनारसे मिळाले. निम्मे मोडलेत."

"मोडलेले आधी खा, तनयराव," बाबा म्हणाले.

"खातोच आहे," तिकडून आवाज आला. बाबा तरीही बराच वेळ उभेच होते.