शेजारच्या सीटवरचे सर

सोमवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. गाडीत दोघेच. स्टीअरिंगवर मी, वय वर्षे एकावन्न, आणि डावीकडे गाडी शिकवणारे ते, चौसष्ट. त्यांनी डॅशबोर्डवर दोन बोटं वाजवली आणि म्हणाले, "बोला. काय दिसून राहिलं?"

"रस्ता," मी म्हणालो.

"रस्ता तर मलेही दिसून राहिला. रस्त्यावर काय?"

नारायण पेठेतल्या त्या अरुंद रस्त्यावर दूधवाला, दोन कुत्री, उलट्या बाजूने येणारी एक रिक्षा आणि दार अर्धवट उघडलेली एक टेम्पोगाडी एवढं सगळं होतं. मी एकेक नाव घ्यायचं, मग गाडी एक हात पुढे. पहिल्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटांत सहाशे मीटर गेलो. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "फी शिकवायची घेतात, बोलायचं काम मलाच."

डोक्यावर लाल अक्षरांची पाटी लावून ताशी पंधराने जाणाऱ्या अशा गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील, आणि मागे अडकल्यावर मनात काहीबाही बोललाही असाल. मीही बोलायचो. आता मीच आत होतो.

ते अमरावतीकडचे. तीस वर्षं मालट्रक चालवला, मग पुण्यात येऊन शिकवायला लागले. सगळे त्यांना सर म्हणत. मोठ्याने ओरडताना मी त्यांना एकदाच ऐकलं, ते पुढे सांगतो.

मी या वयात का शिकायला आलो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. खरं ते सांगितलं. माझे वडील मांजरीला एकटेच राहतात, वय एकोणऐंशी. आदल्या वर्षी पहाटे त्यांच्या छातीत दुखायला लागलं. नेमका मी तिथेच मुक्कामाला होतो, पण मला गाडी चालवता येत नव्हती. भाड्याच्या तीन गाड्यांनी आधी येतो म्हणून मग नकार दिला. चौथी मिळेपर्यंत अडतीस मिनिटं गेली. वडील वाचले. ती अडतीस मिनिटं मात्र माझ्या डोक्यातून जात नव्हती. सर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाले गाडी नाही शिकायची. बाबांना नीट पोचवणं शिकायचं आहे. वेगळं काम आहे हे."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला मोजायला लावलं. नारायण पेठ ते मांजरी, साधारण चौदा किलोमीटर, ब्रेक किती वेळा दाबला? मोजणं म्हटल्यावर मी खूश. पहिल्या दिवशी एकशे सेहेचाळीस. मग एकशे एकवीस. मग अठ्ठ्याण्णव. रोज रात्री आकडा लिहून ठेवायचो. बायको म्हणाली, "रक्तातली साखर मोजताना एवढा उत्साह नसतो तुमचा."

मग मी साठाच्या आत यायचं ठरवलं. हडपसरपर्यंत सव्वीस झाले होते. पुढे एक सायकलवाला दुधाचे कॅन लटकावून चालला होता. मी ब्रेक दाबला नाही. वाटलं, होईल तो बाजूला. सरांनी त्यांच्या पायाशी असलेला, शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक असा दाबला की माझा चष्मा मांडीवर पडला.

"मी लांब बघा म्हणून राहिलो, अन् तुम्ही ब्रेक वाचवून राहिले!" तेच ते एकमेव ओरडणं. सायकलवाल्याला काही कळलंही नाही, तो कॅन वाजवत निघून गेला. सरांनी मला गाडी कडेला घ्यायला लावली. मग हळू आवाजात म्हणाले, "लांब बघितलं की ब्रेक आपोआप कमी लागते. ब्रेक कमी लावला म्हणून लांब दिसत नाही, साहेब." त्या दिवसाचा आकडा मी वहीत लिहिला नाही.

शेवटच्या आठवड्यात मांजरीजवळच्या रिकाम्या प्लॉटांमधल्या रस्त्यावर त्यांनी मला ब्रेकला पाय लावू दिला नाही. "समजा ब्रेक गेला."

"असा कसा जाईल?"

"सांगून जात नाही तो." मग त्यांनी शिकवलं. पॅडल भराभरा दाबत राहायचं, जमलं तर थोडा दाब परत येतो. गिअर एकेक खाली. हँडब्रेक एकदम ओढायचा नाही, ओढायचा, सोडायचा, परत ओढायचा. आणि इंजिन बंद करायचं नाही. मी अकरा वेळा करून पाहिलं, तेव्हा ते समाधानाने मान हलवून म्हणाले, "चला, चहा."

पाच महिन्यांनी मी वडिलांना तपासणीहून परत मांजरीला आणत होतो. माझी दहा वर्षं जुनी गाडी, वडील शेजारी, पट्टा लावलेला. रेल्वेवरच्या पुलाचा उतार लागला. उताराच्या शेवटी उसाची भरलेली ट्रॉली, मागे दिवा नाही, मुंगीच्या गतीने चाललेली. मी ब्रेक दाबला. पॅडल थेट तळाला टेकलं.

माझ्या तोंडातून आपोआप सुरू झालं. "ट्रॉली पुढे, साठ मीटर. उजवीकडून बस. डावीकडे मोकळं."

"कोणाशी बोलतोयस?" वडील म्हणाले.

"ब्रेक नाही, बाबा." चौथ्यावरून तिसरा. इंजिन गुरगुरलं. पॅडल दाबतोय, काही नाही. तिसऱ्यावरून दुसरा. दोघेही पुढे झुकलो. हँडब्रेक ओढ, सोड, ओढ. ट्रॉलीचे ऊस दिसायला लागले, एकेक कांडं.

"डावीकडे वाळूचा ढीग आहे!" वडील ओरडले. "त्याच्यापुढे म्हैस!"

"वाळू!" मी म्हणालो आणि गाडी डावीकडे घातली. चाकं वाळूत रुतली, हँडब्रेक शेवटपर्यंत ओढला, आणि गाडी थांबली. म्हैस पाच पावलांवर होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि चरत राहिली.

वडिलांनी पट्टा सोडला, मी इंजिन बंद केलं. आतून मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. मी सरांना फोन लावला.

"कोणाले लागलं?"

"नाही कोणाला."

"बाबांना द्या."

वडिलांनी फोन कानाला लावला. "हो, ठीक आहे मी. हो, पूर्ण वेळ बडबडत होता. म्हशीचं मी सांगितलं." शेवटचं वाक्य ते त्यानंतर मांजरीभर सांगत होते. ब्रेकचा मास्टर सिलिंडर गेला होता, असं मेकॅनिक म्हणाला.

सरांचे गुडघे पुढे फारच दुखायला लागले. क्लास बंद करून ते मुलीकडे अमरावतीला राहायला निघाले. वाघोलीहून संध्याकाळी त्यांची बस होती. मी म्हणालो, मी सोडतो. ते "रिक्षाने जाईन" म्हणाले, मी ऐकलं नाही.

ते डावीकडे बसले, पिशवी मांडीवर. संगमवाडीपर्यंत मुलीच्या घराबद्दल बोलत होते, तिथे जिना नाही म्हणून खूश होते. येरवड्याच्या पुलानंतर त्यांचा आवाज आला नाही. मी पाहिलं. मान काचेला टेकलेली, तोंड किंचित उघडं, एरवी ब्रेकवर तयार असणारा उजवा पाय चपलेतून निघून पुढे मोकळा पसरलेला. शिकणाऱ्याच्या शेजारी इतकी वर्षं बसलेला माणूस झोपला होता.

खराडीच्या सिग्नलला नव्वद सेकंद दाखवत होते. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता. वाघोली अजून सहा किलोमीटर होती. तेवढ्या अंतरात मी एकदाही हॉर्न वाजवला नाही.