सुनंदाताईंचं गप्प राहणं

बारामतीच्या बाजारात सुनंदाताई ओळखीच्या माणसाकडे पाहून आधी कधी हसत नसत. समोरच्यानं हाक मारली तरच थांबत. लोकांना त्या शिष्ट वाटायच्या. मानसिक आजारांच्या दवाखान्यात त्या समुपदेशक होत्या, मी नर्स. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी पेशंटकडं बघून हसले की त्येच्या शेजारचा इचारणार, ही बाई कुठली वळखीची?" त्या मूळच्या कऱ्हाटीच्या, पेशंटशीही गावच्याच बोलीत बोलायच्या.

नव्या माणसाला आधीच बजावायच्या, "तुमचं बोलणं हितंच ऱ्हाईल. पण कुणाच्या जिवावर बेतणार असंल, तर मी गप बसणार न्हाय."

लोणी देवकरच्या कारखान्यातला एक जण यायचा. त्याचं नाव लिहीत नाही. बायकोवर संशय, तो आजारातून येतो हे त्याला अधूनमधून कळायचंही. मग त्यानं परस्पर औषधं बंद केली. एका सकाळी ताईंनी मला आत बोलावलं. दोन दिवसांत बायकोला संपवणार, असं त्यानं शांतपणे सांगितलं होतं.

"मी तिला सांगणार हाय," ताई त्याच्यासमोरच म्हणाल्या. "तुमाला चोरून न्हाय."

डॉक्टर येईपर्यंत तो निघून गेला. ताईंनी बायकोला फोन केला, डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. ती मुलीला घेऊन माहेरी गेली. पोलिसांनी त्याला शोधून आणलं, डॉक्टरांनी भरती केलं, महिन्याभरानं तो घरी गेला, आणि आठवडा व्हायच्या आत त्यानं स्वतःचा जीव घेतला.

त्याची आई काटेवाडीहून आली. म्हणाली, "सून सोडून गेली म्हणून माझा ल्योक गेला. ती सांगती त्ये मला खरं वाटत न्हाय. काय बोलला हुता त्यो तुमच्यापाशी?"

ताईंचा चेहरा उतरला. "तिला बोल लावू नका. मीच पाठवलं तिला," एवढंच त्या म्हणाल्या.

म्हातारीनं त्यांना नको नको ते बोलून घेतलं. ताई ऐकत राहिल्या, मग हाताला धरून तिला एसटीत बसवून आल्या.

खरं सांगायला हवं होतं, असं मी चिडून म्हणाले.

"जीव वाचवायचा हुता तवा बोलले. आता बोलून कुणाचा वाचणार हाय?"

सुनेला सासरचे आजही दोष देतात. मुलीला आजीनं पुन्हा पाहिलं नाही. ताईंना जाऊन दोन वर्षं झाली. त्याच्या बायकोला तेव्हा सांगणं बरोबर होतं, याबद्दल मला शंका नाही. त्याच्या आईपुढे गप्प राहण्याबद्दल मात्र अजून ठरवता येत नाही.