पिशवीकाकू पाण्यात उतरल्या नाहीत

अन्याय पिशवीकाकूंवर झाला. कधी, तर गेल्या नाताळच्या सुट्टीतल्या रविवारी सकाळी, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर. करणारे आम्ही. खडकीतल्या एका अभ्यासिकेची मुलंमुली, कष्टकरी बायकांना सुट्टी मिळावी म्हणून पत्रकं वाटणारी. आधीच सांगून टाकते, कारण अशा वेळी 'कुणाचीच चूक नव्हती' म्हणायची आपल्याकडे फार सोय आहे.

काकू आमच्या गल्लीतल्या. नवरा दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला, स्वतः दोन घरचा स्वयंपाक करायच्या. दरवर्षीची तंबूची सहल त्यांनीच सुरू केली. हॉटेल परवडत नाही म्हणून समुद्र बघायचा नाही, हे त्यांना मान्यच नव्हतं. "हॉटेलात झोपायला कोकणात कशाला जायचं? झोप काय खडकीत येत नाही?" मग एसटी, कुणाच्या तरी ओळखीने आणलेले तंबू, एका वाडीत मालकाला विचारून घेतलेली जागा, आणि काकूंच्या भाकऱ्या.

किनाऱ्यावर पोचलं की त्यांचं काम ठरलेलं. सगळ्यांच्या पिशव्यांचे बंद एका जुन्या ओढणीत ओवायचे, ओढणीचं टोक मनगटाला बांधायचं आणि मधोमध बसायचं. मोबाइल, चष्मे ओटीत. "तुम्ही व्हा पुढे, मी आहे." कुणी आग्रह केलाच तर म्हणायच्या, "समुद्र कुठे पळून जातोय? पिशव्या जातील." आम्ही हसायचो, आणि हसलं की आग्रह संपायचा. एकाने त्यांचा तसा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'आमचा लॉकर'. काकूंनी तो बघून विचारलं, "लॉकरला जेवायला देतात का रे?" त्यावरही आम्ही हसलोच.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी भिजले, आणि बदलायला काही आणलं नव्हतं. काकूंनी आपल्या पिशवीच्या तळातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कोरा पंजाबी ड्रेस आणि टॉवेल काढला. "घाल हा. मी काय, कोरडीच आहे." मी घातला. पुढच्या वर्षीही ते गाठोडं तळाशी दिसलं, त्याच्या पुढच्याही. कायम साडीत वावरणारी बाई दरवर्षी असा ड्रेस कशासाठी आणते, हे मला विचारावंसं वाटलं नाही. पत्रकांसाठी बायकांना प्रश्न विचारत फिरणं हेच माझं काम असताना.

त्या रविवारी ओहोटी होती, पाणी शांत. आम्ही घोटाभर पाण्यात फलक धरून उभे राहिलो: 'सुट्टी हा बाईचा हक्क आहे'. फोटो काढायला काकूंना बोलावलं. त्या पिशव्यांची माळ वाळूतून ओढत पुढे आल्या. नीट दिसेना म्हणून आणखी थोड्या पुढे आल्या. तेवढ्यात लाट आली तशा झटकन मागे सरल्या, कारण पिशव्या भिजल्या असत्या. फोटो चांगला आला. आम्ही तो सगळीकडे लावला.

उन्हाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. आता त्या पुण्याजवळच्या मांजरी गावात लेकीकडे असतात, पलंगावर. मी गेले, जय भीम करून उशाशी बसले. तंबू परत केलेत ना, असं त्यांनी आधी विचारलं. मग छताकडे बघत म्हणाल्या,

"सकाळचं पाणी गार असतं का गं?"

"थोडंसं."

"आणि पायाखालची वाळू सरकते म्हणतात."

"सरकते."

"मग माणूस पडत नाही?"

"कुणाचा तरी हात धरायचा, काकू."

 मी निघाले, दारापर्यंत गेले, तेव्हा मागून हाक आली, "अगं, तुझी पिशवी राहिली."

पिशवीत पत्रकं होती. त्या दिवशी ती वाटली नाहीत. त्यांच्याऐवजी हे एवढंच पत्रक लिहिलं.

तेव्हा हे वाचून घडी घालून ठेवू नका. या सुट्टीत तुम्ही कुठेही जाल, तुमच्याही सामानापाशी कुणीतरी बसलेली असेल. "तुम्ही व्हा पुढे, मी आहे," असं म्हणेल. ऐकू नका. हसूही नका. तिच्या हातातलं सामान काढून घ्या, तिला उठवा, आणि तिच्या जागी तुम्ही बसा.