दोन अर्जांतला एक नहर

आमच्या कॉलेजात कोणी शिफारसपत्र मागायला आलं की आम्ही सगळे एकच वाक्य बोलतो, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. अशा किती पत्रांवर सह्या केल्या ते आता सांगता येणार नाही. पोरं स्वतःला कष्टाळू, जिज्ञासू, नेतृत्वगुण असलेली वगैरे म्हणवून घेतात आणि आपण वाचतही नाही. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

एक मुलगी मात्र हात हलवत आली. पारशिवनीकडच्या खेड्यातली, घरी धानाची शेती, इथे दोघी-तिघींत खोली घेऊन राहायची.

‘सर, मले नाही जमत स्वतःची तारीफ लिहाले. तुम्ही पाह्यलं तेवढंच लिहा न.’

‘सगळेच लिहितात वं.’

‘त्यायले जमत असन सर.’

मला तिचा थोडा रागच आला. माझं काम वाढलं होतं.

ती ज्या विद्यापीठाला अर्ज करत होती ते लांब आहे, दक्षिणेत. देशभरातून मोजकी पोरं घेतात, पण एकदा घेतलं की फी, राहणं, जेवण सगळं तेच पाहतात. तिच्या घरून साफ सांगितलं होतं, तिथं झालं तर जा, नाही तर रामटेकला बी.एस्सी. कर आणि घरून ये-जा कर. माझी मुलगीही त्याच वर्गात होती आणि तिचाही अर्ज तिथंच होता. फरक एवढाच की माझ्या मुलीपुढे आणखी चार दारं उघडी होती. हे मला तेव्हाही माहीत होतं. ते मी विसरलो असं मी म्हणणार नाही.

आता नहराबद्दल सांगतो. पेंच धरणाचा नहर, म्हणजे कालवा, त्या मुलीच्या गावाजवळून जातो आणि त्यांच्या बांध्या, धानाची बांध घातलेली शेतं, अगदी शेवटच्या टोकाला आहेत. धानाला पाणी सोडलं की वर भरपूर दिसतं, टोकाला पोचेपर्यंत झिरमिर उरते. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला गावात सगळे शिव्या देत. हिनं सुट्टीत एका प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धं पाणी भरलं, ती नहरात सोडली, दोन पुलांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि मोबाइलवर वेळ लावली. मग बांबूवर खुणा करून खोली मोजली. असं रोज, वेगवेगळ्या जागी. तिच्या लक्षात आलं की पाणी चोरीला जातं त्याहून जास्त नहराच्या एका फुटलेल्या पट्ट्यात जिरतं. हे सगळं तिनं एका वहीत लिहिलं होतं, आकृत्यांसकट. प्रयोगशाळेत ती वही माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, ‘सर, माह्या हिशेबात चूक कुठी होऊन राहिली ते सांगा.’

चूक बारीक होती. मधल्या धारेचा वेग तिनं सगळ्या पाण्याचा धरला होता. मी ती सांगितली. आणि मनात म्हटलं, माझ्या पोरीनं असं काही कधी केलं नाही.

तिनं विचारलं, अर्जातल्या निबंधात हे लिहू का? मी म्हणालो, ‘गावाकडचं नको लिहू. तिथं मोठमोठे लोक वाचतात. काही विज्ञानाचं लिही.’ ती मान डोलावून गेली. हा सल्ला मी भल्यासाठी दिला असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. तो भल्यासाठी नव्हता. जागा मोकळी करून घेत होतो.

कारण माझ्या मुलीचं शिफारसपत्र रसायनशास्त्राच्या सरांच्या नावानं जायचं होतं, आणि ते मला स्टाफरूममध्ये म्हणाले होते, ‘तूच लिहून पाठव गा, मी चिकटवून देतो. तुह्या पोरीले तुह्याहून जास्त कोण ओळखते?’ नागपुरात प्रताप नगरच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून मी ते लिहिलं. दोन पानं. त्यात बाटली होती, दोन पूल होते, बांबू होता, फुटलेला पट्टा होता. मधल्या धारेची चूकही होती, आणि ती विद्यार्थिनीनं स्वतः शोधून दुरुस्त केली, असं मी लिहिलं. सरांनी न वाचता ते चिकटवलं. त्या दुसऱ्या मुलीसाठी मी पाच ओळी लिहिल्या. नियमित, शांत, वर्तणूक चांगली.

महिनाभरानं विद्यापीठाची मेल आली. एकाच कॉलेजच्या दोन अर्जांत एकाच कामाचं वर्णन दिसतं, खुलासा करावा. म्हणजे तिनं माझं ऐकलं नव्हतं. रसायनच्या सरांनाही तीच मेल गेली होती. ते माझा दंड धरून व्हरांड्यात घेऊन गेले.

‘काय लफडं हाय गा हे? माहं नाव हाय त्या पत्रावर.’

‘मी पाहतो,’ मी म्हणालो.

खरं लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. मी लिहिलं की हा प्रकल्प दोघींनी मिळून माझ्या मार्गदर्शनाखाली केला. वाक्य इतकं सहज आलं की मी ते पुन्हा वाचलंही नाही. मनाची समजूत अशी घातली की यात कोणाचंच नुकसान नाही, दोघींनाही मिळेल.

मग मुलीला सांगावं लागलं.

‘बाबा, मी कधी पारशिवनीले गेली तरी काय?’

‘रविवारी जाऊ.’

आणि आम्ही खरंच गेलो. तिला गाडीत बसवून मी नहर दाखवायला नेलं. गव्हासाठी पाणी सोडलेलं होतं. मी तिला दोन पूल दाखवले, बाटली कशी सोडतात ते दाखवलं, काठावर उभं करून फोटो काढला. परतताना तिनं विचारलं, ‘तिचं घर इथंच कुठी असन न?’ मी म्हणालो, असेल.

दोघींच्या मुलाखती कॉम्प्युटरवर झाल्या. माझ्या मुलीनं तिच्या खोलीत दिली, पढवलेलं सगळं नीट सांगितलं. त्या मुलीच्या खोलीवर नेटवर्क धड नव्हतं, म्हणून तिनं मलाच विचारलं, ‘सर, प्रयोगशाळेत बसू काय?’ मी माझा लॅपटॉप लावून दिला, पंखा बंद केला, आवाज येऊ नये म्हणून बाहेर स्टुलावर बसलो. दार नीट लागत नाही तिथलं. तिचं इंग्रजी अडखळत होतं, पण नहरावर आल्यावर सुटलं. मग त्यांनी काहीतरी विचारलं आणि ती म्हणाली, ‘नो सर.’ पुन्हा विचारलं. ती म्हणाली, ‘नो सर. नोबडी. आय वॉज अलोन.’

उठून दार ढकलायला मला चार पावलं लागली असती.

ती बाहेर आली तेव्हा गोंधळलेली होती. ‘सर, ते विचारून राहिले होते, तुह्यासोबत कोण होतं. मी म्हटलं कोणीच नव्हतं. त्यायनं पुन्हा विचारलं. मंग ते चूप झाले. असं काहून विचारलं असन?’

‘विचारतात असं कधीकधी,’ मी म्हणालो.

‘तुम्ही नहराचं नको लिहू म्हटलं होतं सर, पण माह्याजवळ दुसरं काही नव्हतंच न.’

निकाल लागला. माझ्या मुलीचं झालं, तिचं नाही. कारण ते कळवत नाहीत. मला कळवायची गरज नव्हती. दुसरीचं श्रेय लपवणारी मुलगी म्हणून ती तिथं नापास झाली, आणि तसं ठरवणाऱ्यांची काही चूक नव्हती. त्यांच्यापुढे तिच्याच सरांची मेल होती. ती कॉलेजात दाखला घ्यायला आली, माझ्या मुलीला अभिनंदन सांगा म्हणाली, आणि गेली. आमच्याकडे त्या आठवड्यात पेढे वाटले गेले. मीच वाटले.

माझी मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. पहिल्या सुट्टीत आली तेव्हा जेवताना म्हणाली, ‘तिथं मले सगळे नहरवाली म्हणतात. पाण्याच्या विषयावर बोलायचं असलं की मलेच उभं करतात.’ मी हसलो. ती हसली नाही. नंतरच्या सुट्ट्यांत तिची काही ना काही कामं निघत गेली. फोनवर ती आईशी बोलते.

गेल्या महिन्यात मी रामटेकला गेलो. बायकोला सांगितलं रामाच्या दर्शनाला जातो, पण गड चढलो नाही. ती मुलगी तिथं कॉलेज करून दुपारनंतर पोरांच्या शिकवण्या घेते, एवढं माहीत होतं. फोन केला तर लगेच आली. बसस्टँडसमोर चहाच्या टपरीवर बसलो. तिनं वाकून नमस्कार केला तो मी थांबवू शकलो नाही. मग सगळं सांगितलं, इथे लिहिलंय त्याच क्रमानं. टेबलावरची दोन पानं, पाच ओळी, मेल, दार.

चहावर साय धरली होती, ती तिनं बोटानं काढून बाजूला लावली.

‘म्हणून विचारत होते ते,’ ती म्हणाली. ‘मी घरी सांगितलं होतं, माह्या इंग्रजीमुळं गेलं. बाबानं मले त्या वर्षी इंग्रजीचा क्लास लावून देल्ला.’

मी माफी मागितली.

‘सर, त्यायले लिहून कळवाल काय आता? मी खोटं बोलली नव्हती म्हणून?’

एवढंच मागितलं तिनं. मी म्हणालो, कळवीन. नक्की कळवीन. फक्त माझ्या मुलीची पदवी हातात येऊ दे, आता कळवलं तर तिचं सगळंच जाईल, थोडेच महिने उरलेत.

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्यात राग असता तर बरं वाटलं असतं.

‘तंवर थांबू म्हणता.’

‘थोडेच महिने.’

‘माही पाच वाजताची पोरं आली असतीन सर,’ ती म्हणाली आणि उठली. चहाचे पैसे मी देतो म्हटलं, तोवर तिनं दोघांचेही दिले होते.

मेल मी लिहून ठेवली आहे. यावेळी दोनच ओळी आहेत. रोज उघडतो, वाचतो, आणि बंद करतो.