काकांचा रिसीव्हर आणि मावशीचं विरजण

आमच्या मुलुंडच्या काकांइतकं कमी गाणं ऐकणारा संगीतवेडा उभ्या मुंबईत सापडायचा नाही. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. त्यांच्याकडे एक जुना जपानी स्टिरिओ रिसीव्हर आहे. रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत, चंदेरी तोंड, डोक्यावर जाळी, वजन भरल्या सिलिंडरएवढं. "काका, एखादं गाणं लावा ना" असं तिथे म्हणणं म्हणजे सत्यनारायण घालण्यासारखं आहे. आधी पेटी वीस मिनिटं तापली पाहिजे. मग पंखा बंद, फ्रिज बंद, मावशीचा कुकर बंद. ऐकणाऱ्याने दोन स्पीकरच्या बरोबर मधे, फरशीवर खडूने आखलेल्या चौकोनात बसायचं आणि मान हलवायची नाही. लग्न ठरल्यावर मी बायकोला तिथे नेलं, तर काकांनी तिला चौकोनात बसवून विचारलं, "तबला कुठे दिसतो?" ती बिचारी कपाटाकडे बघायला लागली. "कपाटात नाही गं, हवेत! डावीकडे, हातभर वर!" ती अजून मला विचारते, तुमचे काका बरे आहेत ना.

मोबाईलवर गाणी ऐकणाऱ्यांची त्यांना कीव येते. "ते गाणं नव्हे रे, गाण्याचा झेरॉक्स." एकदा मी मुद्दाम वाद घातला, तर म्हणाले, "बोलू नको, हा नॉब फिरव." जड, संथ फिरणारा तो नॉब, हिरवट उजेडात काटा सरकत गेला, खरखर थांबली आणि एक बाई अक्षरशः आमच्यात येऊन बसल्यासारखी गायला लागली. खरं सांगतो, अंगावर काटा आला. काकांना बोललो नाही, नाहीतर त्या दिवशी चौकोनातून उठून जेवायला मिळालं नसतं.

मावशी मालवणची. चाळीस वर्षांच्या संसारात तिला त्या पेटीचा एकच गुण सापडला, तो म्हणजे ती तापते. मुलुंडला डोंगर जवळ, डिसेंबरात गारवा पडतो आणि तिचं विरजण रुसतं. काका दुपारी चारला फिरायला जात, ते बागेतल्या बाकावर मित्रांशी गप्पा छाटून आठला परतत. ते गेले रे गेले की मावशी पेटी चालू करी, आणि तिच्या डोक्यावर दह्याचं पातेलं, वर फडकं! "एक तरी उपयोग होवंदे मेल्या खोक्याचो!" चमचा उभा राहील असं दही लागायचं. रात्री काका बोटं चाटत म्हणायचे, "तुझ्या हाताला गुण आहे हो!" मावशी आपली आणखी एक पळी वाढायची.

एक दिवस बाकावर कोणीच आलं नाही, म्हणून काका साडेपाचलाच परतले. पायात कॅनव्हासचे बूट, त्यामुळे जिन्यावर चाहूल नाही. लॅचमध्ये किल्ली फिरली, मावशी पातेलं उचलायला धावली आणि पळीभर अर्धवट दही जाळीतून थेट आत. चर्र! धूर, आणि घरभर कढीचा वास. वाट लागली!

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आठ दिवस बोलले नाहीत. दहीभाताशिवाय ज्याचं जेवण संपत नाही त्या माणसाने दही सोडलं. मुक्या पेटीसमोर खडूच्या चौकोनात नुसते बसून राहायचे. शेवटी मावशीचा मला फोन. "कायव कर, पण तां खोकां दुरुस्त करून दी. त्येंचा तोंड बघवणा नाय." तिचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता.

गोधडीत गुंडाळलेली पेटी मांडीवर घेऊन काका रिक्षात बसले, आणि आम्ही घाटकोपरला एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "काका, कढी केलेली काय?" महिन्याभराने पेटी ठणठणीत झाली. वर त्याने आत एक छोटा पंखाही बसवून दिला. आता तापायचं नाव नको, म्हणाला. काका बोलायला लागले, दहीभात सुरू झाला. झकास! आम्हाला वाटलं, मिटलं.

पंधरा दिवसांनी काकांचा फोन. "ये. स्क्रू ड्रायव्हर घेऊन ये." गेलो तर म्हणतात, "तो पंखा काढ. घरघरतो." मी कान लावला. कसली घरघर नि कसलं काय!

"काका, पंखा काढला तर पेटी तापेल. परत बिघडेल."

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "अरे, परवा जाळीवर गोल ओला डाग दिसला. म्हणजे तिने पातेलं ठेवलं होतं. आणि रात्री ताटात पिशवीतलं दही. म्हणजे लागलं नाही. ते वाढताना ती माझ्याकडे बघत नव्हती रे."

"मग सांगून टाका ना तिला, ठेव म्हणून."

"हॅट! विचारून ठेवायचं तर त्यात तिला मजा काय?"

मी पंखा काढला. घरी येताना दोघांची फार माया आली.

काका अजून चारला फिरायला जातात. फक्त परतताना तळमजल्यापासूनच मोठमोठ्याने खोकायला लागतात. खालच्या बाई म्हणतात, डॉक्टरला दाखवा. हल्ली ते दर पाच पायऱ्यांना थांबतात, आणि त्यातला खोटा खोकला कुठला नि खरा कुठला, हे मला आताशा ओळखू येत नाही. वर मावशी सावकाश पातेलं उचलते, ओट्यावर ठेवते आणि दार उघडून त्यांची वाट बघत उभी राहते.