कुंपणाकडेची कडू पानं

चूक माझी होती. पाण्याचा पाइप माझ्या हातात होता, त्याच्या तोंडाला लावलेली तणनाशकाची बाटली मीच दुकानातून आणली होती आणि बाटलीवरचा मजकूर न वाचता ती मीच रिकामी केली होती. या चुकीबद्दल मी पुढे स्वतःला थोडंफार समजावू शकलो. तिच्यानंतर जे केलं, त्याबद्दल अजून समजावता आलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आम्ही घर घेतलं होतं. शेजारच्या घरात एक इटालियन आजी एकट्या राहत. त्यांच्या अंगणात लॉन नावापुरतं, बाकी सगळा भाजीपाला. माझी बायको मेथीसाठी झुरत असे. मेथी आणायची तर शिकागोपर्यंत जावं लागे आणि तिथेही ती सुकलेलीच मिळे. आजींना तिने एकदा कुंपणावरून मेथीचं वर्णन करून सांगितलं. आजी आत गेल्या आणि वर्तमानपत्राच्या पुडीत बी घेऊन आल्या. चिकोरीचं बी.

चिकोरी मला ठाऊक होती ती कॉफीच्या डब्यावरच्या बारीक अक्षरांतली. तिची पानं खातात हे नवीन होतं. बायकोने वसंतात कुंपणालगत एक वाफा पेरला. पानं लांब, दातेरी आणि कडू. आजी ती उकडून ऑलिव्ह तेलात लसणावर परतत. बायको उकडून, घट्ट पिळून, लसूण-मिरचीची फोडणी देऊन वर डाळीचं पीठ पेरायची. "आजींची भाजी म्हणजे हिंग-मोहरी विसरलेली आपलीच भाजी," असं ती म्हणे. मी उन्हाळाभर ती भाजी पोळीशी खाल्ली. वाफ्याकडे मात्र एकदाही वाकून पाहिलं नाही.

त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, तिला दिवस राहिले. आदल्या वर्षीही राहिले होते आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्यामुळे या खेपेला आम्ही कुणालाच कळवलं नव्हतं. फक्त आजींनी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं. तिला दुसरं काही जात नव्हतं. ती कडू भाजी तेवढी जायची.

तिसरा महिना लागला तेव्हा सप्टेंबर होता. आमच्या लॉनमध्ये डॅन्डेलायन माजले होते, पिवळ्या फुलांचं, दातेरी पानांचं तण. समोरच्या घरातला गृहस्थ हसत हसत म्हणाला होता, "तुझ्या फुलांचं बी माझ्याकडे उडून येतंय हं!" ते हसणं मला लागलं. आपल्या लोकांना घर राखता येत नाही असं कुणी म्हणू नये, म्हणून मी शनिवारी सकाळी स्प्रे करायला घेतलं. बायको वर झोपली होती. वारं होतं. लॉन संपवून मी कुंपणापाशी आलो, तर तिथे तशीच दातेरी पानं दाटीने वाढलेली. इथे तर जास्तच माजलेत, असं म्हणून मी तिथे अंमळ जास्तच मारलं.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. तिचं निम्मं ताट होत आलं होतं.

"अहो, आज भाजीला कसला वास येतोय का?"

मी घास घेतला. कडवटपणाच्या मागे काहीतरी होतं, रॉकेलच्या रिकाम्या डब्यासारखं.

"कुठून काढलीस?"

"कुठून म्हणजे? आपल्या वाफ्यातून. आत्ताच काढली. कुंपणाकडेच्या, दातेरी पानांची."

सकाळी मी तण समजून जास्तच मारलं होतं ती हीच पानं. तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "नेहमीसारखीच आहे," आणि तिच्या ताटातली भाजी माझ्या ताटात ओढून घेतली, मग कढईतलीही.

"आज काय हे, हावरटासारखं?" ती हसत म्हणाली. "डोहाळे मला लागलेत की तुम्हाला?"

मी सगळी भाजी संपवली. नंतर गॅरेजमध्ये जाऊन बाटली वाचली. खाण्याच्या कोणत्याही पिकाजवळ वापरू नये, असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला उलट्या झाल्या. उलट्या तिला रोजच होत होत्या, पण आता प्रत्येक उलटीचा आवाज मी न्हाणीघराच्या दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. सोमवारी ऑफिसच्या लॉबीतल्या पब्लिक फोनवरून बाटलीवरचा नंबर फिरवला. पलीकडे एक बाई होती.

"कुणाच्या पोटात गेलंय?"

"बायकोच्या. ती गरोदर आहे."

"कितवा महिना?"

मी फोन ठेवून दिला.

सांगितलं तर ती घाबरेल आणि त्या धसक्यानेच काही होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते खोटं होतं. मूल गेलं तर ते कुणामुळे गेलं हे तिला कळेल, याची मला भीती होती.

तोवर वाफ्यातली पानं पिळल्यासारखी वळायला लागली होती. तिने ती पाहू नयेत म्हणून मी तिला म्हणालो, "तुझ्या उलट्या त्या म्हातारीच्या गवतामुळे वाढल्यात. कुठलं काय बी देते, कुणास ठाऊक. डॉक्टरही नको म्हणाले." डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मी वाफा मुळांसकट उपटून रस्त्याच्या कडेला कचऱ्यात टाकला. आजी कुंपणापाशी आल्या तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं. त्यांनी रिकाम्या वाफ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझ्या पाचही बाळंतपणांत मी हेच खाल्लं," आणि आत गेल्या. त्यानंतर त्या आमच्याकडे यायच्या थांबल्या.

तिसरा महिना गेला, चौथा गेला. पोट दिसायला लागलं तशी बायको खुलत गेली. मी मात्र तपासणीच्या प्रत्येक दिवशी डॉक्टरांचा चेहरा वाचत बसायचो. त्यांनी क्षणभर भुवया आक्रसल्या तरी मी त्यांच्या हातातला कागद वाचू पाहायचो. पाळणा आणला तो मी खोक्यातच ठेवला. "जोडा की हो," ती म्हणायची. स्क्रू कमी आहेत, असं मी सांगायचो.

जानेवारीत, दारात बर्फ साचलेला असताना बेल वाजली. आजी होत्या. हातात फडक्याने झाकलेली थाळी.

"कुणी मुळं फेकतं का?" त्या आत येत मला म्हणाल्या. "तुमच्या कचऱ्यातून मी उचलून नेली. बेसमेंटमध्ये वाळूच्या बादलीत पुरली, अंधारात." मग त्या बायकोकडे वळल्या. "ऊन लागलं नाही की कडवटपणा उतरतो, पोरी. हे तुला बाधणार नाही. मी काल एक पान खाऊन पाहिलंय."

त्यांनी फडकं उचललं. त्या मुळांना फुटलेली पांढरी, कोवळी पानं. माझं खोटं त्यांनी खरं मानलं होतं आणि आपल्या भाजीने पोरीला त्रास झाला म्हणून तिच्यासाठी सौम्य भाजी पिकवली होती.

काही पानं सरळ होती. काही मात्र पिळल्यासारखी वळलेली. तो पीळ मी ओळखत होतो.

बायकोचे डोळे भरून आले होते. तिने एक पान मोडून तोंडाशी नेलं.

"नको!" मी थाळी ओढली. पानं जमिनीवर सांडली. तिच्या हातातलं पानही मी हिसकावलं.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

एप्रिलमध्ये मुलगी धडधाकट जन्मली हे आज मला माहीत आहे. त्या दिवशी माहीत नव्हतं. समोर तिचं पोट होतं, शेजारी काल ते पान खाल्लेली म्हातारी उभी होती, आणि आता गप्प राहायला मला जागा उरली नव्हती. मी सगळं सांगितलं. बाटली, वारं, ती दुपार, ओढून घेतलेली भाजी, ठेवून दिलेला फोन, डॉक्टरांचं नाव घेऊन बोललेलं खोटं. मराठीत, तिच्याकडे न बघता.

ती खुर्चीवर बसली. दोन्ही हात पोटावर होते.

"तुम्ही एकटेच घाबरत बसलात," ती म्हणाली. "मूल माझ्या पोटात आणि मलाच काही माहीत नाही."

"माझं चुकलं. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

ती उठून फोनकडे गेली. "डॉक्टरांना मी विचारते. आजींनी खाल्लंय तेही विचारते. तुम्ही आधी आजींना सांगा. त्यांना कळेल असं, इंग्रजीत."

आजी खाली वाकून पानं गोळा करत होत्या. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसलो आणि त्यांचे हात धरून थांबवले.

"हे खाऊ नका," मी म्हणालो. "या मुळांवर मी विष मारलं होतं. तुमच्या भाजीने हिला काहीही झालं नव्हतं. मी घाबरलो आणि दोष तुमच्यावर ढकलला. मला माफ करा."